दुसऱ्याच्या हाक्यावर

गुरुवारी सकाळी शहाजी लसूणघासाची पेंढी खांद्यावर घेऊन हरणांच्या आवारात शिरला, तेव्हा चार हरणं धावत आली आणि पाचवं आलं नाही. धवळी रोज सगळ्यांत पुढं असायची. पेंढी खाली टाकायच्या आधीच ती त्याच्या खिशाला तोंड लावायची. शहाजीने पेंढी तिथंच सोडली आणि जाळीच्या कडेकडेने चालू लागला. पत्र्याच्या सावलीत धवळी नव्हती, पाण्याच्या टाकीमागंही नव्हती.

वायव्येच्या कोपऱ्यात त्याला सगळं कळलं. तीन दिवस वारं सुटलं होतं, दिवसा दिवे लावावे लागत होते. त्या वाऱ्याने जाळीला वाळू आणून टेकवली होती, छातीइतक्या उंचीची. त्या चढावर खुरांचे ठसे वर वर गेले होते आणि पलीकडे दोन हात खाली चारही पायांचा मिळून एक खोल ठसा पडला होता. धवळी उडी मारून पळाली नव्हती. जिना चढावा तशी चढून गेली होती.

त्याने डोक्याला हात लावला. गावाकडे कुंपण मोडतं, सडतं, कुणीतरी सरपणाला चोरून नेतं. पण उभ्या उभ्या बुटकं होत नाही. इथं जमीनच चालत येऊन कुंपणाशी बसते. बाबांनी त्याला पहिल्या दिवशीच बजावलं होतं, वारं थांबलं की आधी जाळीची वाळू काढायची, मग बाकी सगळं. काल वारं थांबल्यावर त्याने तीन बाजूंची काढलीही होती. चौथ्या बाजूला कंबर धरली, तसा म्हणाला होता, उद्या काढू, एका रात्रीत काय बिघडतंय.

बाबा म्हणजे मालक. कतारच्या राजधानीत, दोह्यात, अल दुहैलला त्यांची मोठी कोठी, आणि अल खोरच्या पुढं उत्तरेला ही शेती, खजुराची शंभरेक झाडं, बकऱ्या, उंट आणि हौसेची ही पाच हरणं. शेतीमागच्या दोन खोल्यांत शहाजी आणि त्याची बायको शैलजा राहायची. तो जनावरं बघायचा. ती घर झाडायची, आणि शुक्रवारी बाबांची म्हातारी आई, यम्मा, आली की तिचं सगळं करायची. यम्माला गुडघ्यांनी धरलं होतं. घराबाहेर ती फक्त या एका कारणासाठी पडायची, शुक्रवारी धवळीला स्वतःच्या हाताने खजूर चारायला. धवळीची आई बाळंतपणातच मेली होती आणि शैलजाने बाटलीने दूध पाजून तिला वाढवली होती. आता धवळी स्वतः पोटुशी होती.

शैलजा ओट्यावर तांदूळ निवडत होती. शहाजी दारात उभा राहिला.

"काय वो? त्वांड का असं झालंय?"

"धवळी गेली."

"गेली म्हंजी? मेली?"

"जाळीवरनं गेली. वाळूवर चढून."

शैलजाने ताट बाजूला ठेवलं. काल चौथ्या बाजूची वाळू राहिलीय हे तिला ठाऊक होतं. ती त्यावर काही बोलली नाही, आणि तेच त्याला जास्त लागलं. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं.

एवढ्यात बाहेर गाडीचा आवाज आला. बाबांचा ड्रायव्हर फजल शुक्रवारचं सामान घेऊन आला होता. फजल रायगडातला, श्रीवर्धनकडचा. चोवीस वर्षं इथं काढलेली, अरबी पाण्यासारखं, आणि जीभ कातरीसारखी. त्याने सगळं ऐकून घेतलं आणि गाडीच्या बोनेटवर बूड टेकलं.

"तुम्ही घाटावरची माणसं म्हणजे कमाल! अरे, वाळू काढायला काय मुहूर्त बघायचा होता?"

"आता काय करायचं ते सांग."

"उद्या दुपार कलली की, असरच्या नमाजनंतर बाबा येणार, यम्माला घेऊन. तोवर ती आत पाहिजे. नाहीतर तुझा खलास. आधीचा सुदानी कसा गेला ठाऊक आहे ना? बाबांचा एक ससाणा उन्हात मेला, तिसऱ्या दिवशी हा विमानात."

"म्हंजी आमचं दोघांचं बी..."

"दोघांचं नाही, शहाजीभाई." फजलचा आवाज जरा खाली आला. "वहिनींना कोण सोडतंय? यम्मा आली की तिला उठवायला-बसवायला इथं दुसरं कोण आहे? तू जाशील. एकटा."

शहाजी शैलजाकडे बघेना आणि शैलजा त्याच्याकडे. लग्नाला एकवीस वर्षं झाली होती, पण एका छपराखाली काढलेले दिवस सगळे जोडले तरी सहा वर्षं भरली नसती. तो आखातात, ती पाटणच्या डोंगरात. दोन वर्षांनी दोन महिने भेट, ती पण निम्मी पाहुण्यारावळ्यांत जायची. तीन वर्षांपूर्वी बाबांनी दोघांना एकत्र ठेवून घेतलं, हे असं हजारात एखाद्याच्याच नशिबी येतं. सकाळचा चहा दोन कपांत गाळताना शहाजीला अजून नवल वाटायचं. आणि आता हे.

"जाळं हाय का कुटं?" त्याने विचारलं.

"जाळं माझ्यावर सोड," फजल म्हणाला. "अल खोरच्या बंदरात आमचा इलियास आहे. बापजाद्यांचा धंदा आहे, हरीण काय, मगरसुद्धा धरीन."

ठसे गेले होते पूर्वेच्या रौद्यात. रौदा म्हणजे उघड्या माळातला खोलगट भाग. पावसाचं पाणी तिथं जमतं, म्हणून बोरी आणि बाभळी दाटीने उगवतात. यंदा पाऊस बरा झाला होता, खाली हिरवं गवतही आलं होतं. त्या राखाडी मुलखात तेवढीच एक झाडी. दुपारी बाराच्या सुमारास शहाजीने लांबून पाहिलं, बोरीच्या सावलीत धवळी उभी होती आणि कान फिरवत होती.

त्याच्या मनात गावाकडचा हाका उभा राहिला. लहानपणी, कायद्याची भीती बसायच्या आधी, सगळं गाव रानडुकरामागे जायचं. एका अंगाने माणसं डबे बडवत, हाळी देत रान उठवायची आणि दुसऱ्या अंगाला गच्च झाडीच्या तोंडाशी जाणती माणसं दबून बसायची. उठलेलं जनावर झाडीकडेच धावतं, हे त्याला आपल्या नावाइतकं ठाऊक होतं. त्याने शेजारच्या शेतीवरचे चार बंगाली गडी हाता-पाया पडून आणले, त्यांच्या हाती तेलाचे रिकामे डबे दिले आणि रौद्याच्या दक्षिणेला रांगेत उभं केलं. फजलला जाळं घेऊन उत्तरेला, सगळ्यांत दाट बोरींच्या तोंडाशी बसवलं.

"अवो, नगा बडवू डबं," शैलजा कळवळून म्हणाली. "पोटुशी हाय ती. पळवून पळवून काळीज फुटंल तिचं."

"तू गप. शिकारीतलं बायकांना काय कळतंय?"

डबे वाजले. हाळ्या उठल्या. धवळी दचकून वर उसळली, झाडीतून दहा ढांगा पुढं आली, समोर बोरींची दाटी पाहिली आणि जागच्या जागी वळून सरळ उघड्या माळावर निघाली. मागं एक धुळीची रेघ तेवढी राहिली. फजल जाळं हातात धरून तसाच बसून होता.

शहाजी डबा टाकून उभा राहिला. झाडीतलं जनावर झाडीत जीव वाचवतं. हे माळावरचं जनावर. लपायचं त्याच्या रक्तातच नाही, ते मोकळं बघूनच पळणार. तीन वर्षं रोज तिला चारा घालत होता आणि एवढंही त्याला कळलं नव्हतं. करायला गेलो गणपती, झाला मारुती, असं म्हणतात ते हेच.

धवळी थांबली ती दुसऱ्या रौद्यात, दोन किलोमीटर पलीकडे. आणि त्या रौद्याच्या काठाला पांढरे तंबू लागले होते.

"शिकारवाले," फजल म्हणाला. "थंडीत दर शुक्रवारी येतात. लांब तोंडाचे कुत्रे घेऊन रौदा झाडून काढतात. सशासाठी." मग त्याने घड्याळ बघितलं. "मला दोह्याला परतायचंय, यम्माची औषधं न्यायचीत. तू जाऊन त्यांना सांग. हात जोडून सांग. जाळं ठेव तुझ्याकडे."

उन्हं कलल्यावर शहाजी तंबूंशी गेला. गालिच्यावर सात-आठ माणसं बसली होती, मध्ये कॉफीची चोचीची किटली. तंबूमागे सहा कुत्रे बांधलेले, पोटं पाठीला लागलेली, पाय काठ्यांसारखे. शहाजी चपला काढून गालिच्याबाहेर उभा राहिला. आखातात इतकी वर्षं काढूनही त्याचं अरबी जनावरांपुरतं आणि हुकमापुरतंच होतं. 'हरीण' आला, 'बाबाचं' आला, पण 'पाळलेली', 'पोटुशी', 'तुमचे कुत्रे आवरा' हे सगळं कुठून आणायचं?

एका तरुण पोराने हसत हाताने खूण केली, काय, कसं, दाखव. शहाजीने दोन बोटं डोक्याला लावून शिंगं केली. सगळे हसले. मग त्याने पोटापुढं हात गोल फिरवून पोटुशी दाखवली आणि चार पावलं पळून दाखवली. कुणीतरी मोबाइल काढला. सेहेचाळीस वर्षांचा बाप्या, दाढी पांढरी व्हायला आलेली, आणि डोक्यावर शिंगं धरून परक्यांपुढं उभा. त्याला हात खाली घ्यायचं सुचेना. आपण हात खाली घेतले तर यांना कळणार नाही, एवढंच त्याच्या मनात होतं.

"बस," एक म्हातारा म्हणाला. मोबाइल खाली गेला. म्हाताऱ्याला सगळे बू-सालेम म्हणत होते. त्याने शहाजीला गालिच्यावर बसवलं, स्वतः कॉफी ओतून दिली, खजूर पुढं केला आणि मोडक्या हिंदीत सावकाश बोलला. रौदा कुणा एकाचा नाही. उद्या जुम्माची नमाज झाली की आम्ही इथून सुरू करणार. शिवाय दुसरीही एक टोळी आहे, ती आमच्या हातात नाही. आमचे कुत्रे सशावर लावलेले आहेत, पण समोर हरीण उठलं तर कुत्रा काय कुणाच्या मालकीचं ते विचारत बसत नाही. सुटला की सुटला.

"नमाजच्या आधी घेऊन जा," तो म्हणाला. "इन्शाल्ला मिळेल."

रात्रभर दोघांना डोळा लागला नाही. फटफटायला शैलजा उठली, बाटलीत बकरीचं दूध भरलं, अंगावर शाल घेतली आणि दारात उभी राहिली.

"म्या येनार. तुमची शिकार बगितली काल."

शहाजी जाळं खांद्यावर टाकून निघाला.

सकाळी गारठा होता. दवाने वाळू वरून कडक झाली होती आणि पावलं आत जाताना बारीक मोडल्यासारखा आवाज यायचा. सातच्या सुमारास त्यांना धवळी दिसली, एका एकट्या बाभळीखाली. पोट हलत होतं, तोंडाला फेस वाळला होता. शैलजाने त्याला मागंच थांबवलं. ती स्वतः चाळीस पावलांवर जाऊन मांडी घालून बसली, आणि बाटली मांडीवर धरून घरच्यासारखी बोलू लागली.

"ये गं बाई. ये. भूक न्हाई लागली व्हय? कुटं हिंडाय गेलतीस आमाला सोडून?"

धवळीने मान वळवली. एक पाऊल आली. थांबली. आणखी दोन आली. बाटलीपासून ती पंधरा हातांवर असेल, तेव्हा दक्षिणेकडून दोन गाड्या धूळ उडवत आल्या. ती दुसरी टोळी. कुणी खिडकीतून हात केला, बहुधा सलामच केला असेल. धवळी फिरली आणि दिसेनाशी झाली.

"मुडदा बशिवला त्या गाड्यांचा!" शैलजा रडवेली झाली.

मग अकरापर्यंत त्यांनी रौदा पालथा घातला. दोनदा ती लांब दिसली, पण दोन्ही वेळा जवळ येऊ देईना. दूध कोमट झालं, मग गरम झालं. शैलजाच्या टाचेला काटा मोडला, तो शहाजीने दातांनी ओढून काढला. साडेअकराला तंबूंतली माणसं गाड्यांत बसून नमाजला गेली. साडेबाराला परतली. शहाजी बोरीखालून बघत होता. माणसं काठ्या घेऊन दक्षिणेच्या कडेला पांगू लागली, दोन गाड्या दोन्ही बगलांना लागल्या, आणि कुत्र्यांचे पट्टे हातांत आले. मुलूख परका, भाषा परकी, पण हे सगळं त्याला कळत होतं. हा हाकाच होता.

तेव्हा त्याला सुचलं. आपण तिला गाठू शकत नाही. पण ही माणसं तिला उठवणार. ती झाडीकडे जाणार नाही, मोकळ्यावर येणार. आणि भ्यालेलं पाळीव जनावर शेवटी ज्या वाटेने आलं त्याच वाटेने घराकडे पळतं. काल ती दोन शेतांच्या कुंपणांमधल्या पंधरा-वीस हातांच्या बोळातून इकडं आली होती. तिथं बसायचं.

पण तो उठेना.

"आता काय झालं?" शैलजाने विचारलं.

"दुसऱ्याच्या हाक्यावर बसायचं म्हंजी..."

शैलजाला सांगायची गरज नव्हती. तिकडच्या डोंगरात हे चोरीहून वाईट. रान एका गावाने उठवायचं आणि भलत्यानेच वाटेत दबून सावज मारायचं, असा माणूस सापडला तर त्याला जिवे मारत नसत. चावडीपुढं त्याचा वाटा पळसाच्या पानावर टाकून पायाने त्याच्याकडे सरकवत. शहाजीच्या बापाला एकदा तसा सरकवला होता. बापाने तो उचलला होता, कारण घरात सहा तोंडं होती, आणि मरेपर्यंत पुन्हा हाक्याला गेला नव्हता.

"आवं, हितं कोन आपलं गाव बसलंय बगाय?" शैलजा म्हणाली. "आन् आपुन मारनार हाय का तिला? आपलीच हाय ती. उटा."

बोळाच्या तोंडाशी शहाजी जाळं बांधायला लागला, तर तिने हात धरला. "जाळं नगं. पळत येऊन गुतली तर पाय तरी मोडंल न्हाईतर जीव तरी जाईल."

"मग काय करतीस? आरती ओवाळतीस?"

"म्या बसते. हितं, मदोमद. मला वळीकती ती."

"कुत्री असतील मागं."

"असूद्यात."

ती उघड्यावर, बोळाच्या मधोमध बसली, शाल काढून डोक्यावरचा रंगीत रुमाल दिसेल अशी, कारण रोज दूध पाजताना तोच डोक्याला असायचा. शहाजी कुंपणालगतच्या वाळूच्या ढिगामागं जाळं उराशी धरून पालथा पडला. वाळू तापली होती. घाम डोळ्यांत जात होता, पण पुसायची छाती होईना.

हाळ्या सुरू झाल्या. सूर वेगळा, पण अर्थ तोच. आधी बारीक, मग जवळ. एक ससा बोळातून सुसाट गेला. मग बराच वेळ काहीच नाही. शहाजीच्या मनात आलं, ती दुसरीकडून गेली असेल. आपला अंदाज कालही चुकला होता, आजही चुकला असेल. सोमवारी आपण विमानात असू, आणि ही इथं दोन खोल्यांत एकटी. मग एकदम ओरडण्याचा सूर बदलला. त्याने मान वर केली.

धवळी येत होती. पण ती कालची धवळी नव्हती. तोंड उघडं, जीभ बाहेर, मागचा पाय ओढत होती. आणि तिच्या मागं पन्नास हातांवर दोन कुत्रे, एकही आवाज न करता.

"ये गं! हिकडं! हिकडं ये, धवळे!" शैलजाने दोन्ही हात पसरले.

धवळी सरळ तिच्या अंगावर आली. तिला चुकवून जायला बोळात जागा होती, पण गेली नाही. धडकेने शैलजा उताणी पडली, लगेच पालथी झाली आणि हरणीवर आडवी झाली, पोटाखाली घेऊन. पहिला कुत्रा पोचला, तो शैलजाच्या दंडालाच झोंबला.

शहाजी कधी उठला त्याला कळलं नाही. त्याने जाळं फेकलं, ते हरणीवर नाही, कुत्र्यांवर. दोन्ही कुत्रे त्यात गुरफटून कोलमडले, आणि तो जाळ्याच्या कडांवर गुडघे टेकून बसला. कुत्रे जाळ्यातून दात दाखवत होते आणि तो मराठीतून त्यांना आई-बहिणीवरून शिव्या देत होता.

गाड्या आल्या. कालचा तो मोबाइलवाला पोरगा उडी मारून उतरला आणि कुत्र्यांवर जाळं बघून त्याचा चेहरा लाल झाला. त्याने शहाजीच्या गळपट्टीला धरून त्याला उभं केलं. शहाजीने हात जोडले, पण जाळ्यावरचा पाय काढला नाही. चोरून बसला होता, सापडला होता, आता काय ते होऊ दे.

मागून बू-सालेम आला. त्याने पोराचा हात सोडवला. जाळ्याकडे बघितलं, शैलजाच्या रक्ताळलेल्या बाहीकडे बघितलं, आणि मग ती जिच्यावर पडली होती तिच्याकडे. त्याने आधी शैलजाच्या दंडावर पाणी ओतलं आणि स्वतःचा डोक्याचा रुमाल फाडून बांधायला दिला. मग पाण्याचा कॅन आणून हरणीच्या पोटावर, मांड्यांवर सावकाश ओतत राहिला. "हलवू नका," तो म्हणाला. "सावली करा. पळून पळून यांचं रक्त जळतं. उठली तर जगली."

चार माणसांनी तंबूची चादर वर धरली. तो चिडलेला पोरगाही एक कोपरा धरून उभा राहिला. अर्धा तास गेला असेल. शैलजा हरणीचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि बाटलीतलं दूध बोटाने तिच्या ओठांना लावत होती. शेवटी धवळीने बोट चाटलं. मग पुढचे पाय दुमडले, मागचे उचलले आणि लटपटत उभी राहिली.

शहाजी कुंपणाला टेकून खाली बसला आणि लहान पोरासारखा रडला. कुणी हसलं नाही.

बाबा आले तेव्हा धवळी आवारात पत्र्याखाली होती. शहाजीने विचार करून ठेवलं होतं, विचारलं की सगळं खरं सांगायचं, वाळूसकट. पण त्याच्या आधी, हरणीला आपल्या गाडीतून पोचवायला आलेला बू-सालेमच बाबांकडे जाऊन बसला. खुर्च्या टाकल्या, कॉफी आली, आणि म्हाताऱ्याने हात हलवून सगळी कथा सांगितली. ती बाई कशी पडली, कुत्र्याने कसं धरलं, तिने कसं सोडलं नाही. बाबा ऐकत होते. यम्मा चाकाच्या खुर्चीत बसून ऐकत होती आणि मध्येच डोळे टिपत होती. हरणी बाहेर गेलीच कशी, हे कुणीच विचारलं नाही. शहाजी दाराशी उभा होता आणि त्याला वाटत होतं, आपण सुटलो. खरंच सुटलो. किती वर्षांनी त्याला एवढं हलकं वाटलं होतं.

मग यम्मा काहीतरी बोलली. बाबांनी मान हलवली, तिचा हात हातात घेतला आणि फजलला हाक मारली. फजल ऐकत होता आणि त्याचा चेहरा उतरत गेला.

"काय म्हनत्यात?" शहाजीने विचारलं.

"खूश आहेत," फजल म्हणाला. "लई खूश. यम्मा बोलते, हे जनावर आता या रानात ठेवायचं नाही, पुन्हा जाईल. अल दुहैलच्या कोठीत मागं बाग आहे, चारी बाजूंनी भिंत. उद्या तिकडे न्यायचं." तो थांबला. "आणि वहिनींनापण. यम्मा बोलते, या बाईने पोटच्या पोरीसारखी वाचवली, ती आता माझ्याजवळ राहील. खोली देणार, एसीची. मोठी इज्जत आहे ही."

"आन् म्या?"

"इथली बाकीची जनावरं कोण बघणार?"

शैलजा मागच्या दारात उभी होती. दंडावर बू-सालेमचा रुमाल बांधलेला. तिने सगळं ऐकलं. ती शहाजीच्या पाठीशी आली आणि दबक्या आवाजात म्हणाली, "बोला की कायतरी. सांगा त्यास्नी."

शहाजीने तोंड उघडलं. काय सांगायचं? आम्हांला एकत्र ठेवा म्हणावं, तर बाबा म्हणतील, मग हरणी इथंच ठेवू, पण ती गेली कशी ते आधी सांग. तो सुदानी, तो ससाणा, ते विमान त्याच्या डोळ्यांपुढून गेलं. दोह्याचे साठ किलोमीटर बरे की गावचे अडीच हजार? बाबा उठून जवळ आले, त्याच्या खांद्यावर हात ठेवला आणि विचारलं, खूश आहेस ना?

"शुक्रन, बाबा," शहाजी म्हणाला. "लई शुक्रन."

शैलजा आत गेली.

शनिवारी सकाळी गाडीच्या मागच्या जागेत गाद्या अंथरल्या. शहाजीने धवळीला उचलून आत ठेवलं. तिच्या पोटातलं पोर त्याच्या मनगटाला लागलं. शैलजा तिच्याशेजारी चढून बसली, मांडीवर कपड्यांची एक पिशवी. तिच्या सगळ्या संसाराची तेवढीच पिशवी झाली होती.

"डाळ भिजत घातलीया," ती म्हणाली. "दुपारी करून खा, न्हाईतर आंबंल. आन् कंबरंला तेल लावत जा."

"व्हय."

"फोन करत जा."

"व्हय. दंडाला औषिद लाव वेळेवर."

फजल गाडीत बसला होता. त्याने आरशात बघितलं, मग काच खाली करून उसनं हसू आणून म्हणाला, "काय तोंडं पाडून बसलाय दोघं! दर शुक्रवारी यम्मा इथं येतेच की. वहिनी येतील बरोबर. शुक्रवार लांब आहे का?"

शैलजाने हरणीच्या मानेवरचा हात काढला नाही.

"यम्मा आता कशाला येतीया हितं, भाईजान?" ती म्हणाली. "ती धवळीसाठीच यायची."